जास्वंदीवर कापूस, मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या, मिरची मुरडलेली: नेमकी कीड कोणती?

गच्चीतली_माळीण (धायरी)

नमस्कार मंडळी. गच्चीत मोठ्या कुंड्यांत जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आणि थोडी भाजी आहे. होळीनंतर ऊन तापायला लागलं आणि तीन झाडांचं एकदम बिनसलं. दिसतं तसं लिहिते.

जास्वंद: शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर, नवी पानं आखडून गोळा झालेली, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. खालची पानं चिकट आणि त्यावर काजळी धरलेली. कुंडीच्या काठावरून शेंड्यापर्यंत मुंग्यांची रांग. पांढऱ्या किड्यांत काही जरा मोठे, लांब झुपकेदार धाग्यांचे आहेत आणि ते चक्क चालतात.

मोगरा: कळ्या पांढऱ्या व्हायच्या ऐवजी जांभळट पडून सुकतात.

मिरची: शेंड्याची पानं मुरडली, बारीक राहिली, फूल धरत नाही.

नीम तेल लिटरला ५ मिली, त्यात कपडे धुण्याच्या साबणाचा चुरा घालून आठवड्याच्या अंतराने फवारलं. फरक नाही. उलट बाटलीत वर तेल तरंगतं आणि तळाला पांढरा चोथा बसतो. पाणी बोअरचं आणि टँकरचं मिसळलेलं. दुकानात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घ्या म्हणतात, पण जास्वंद-मोगरा देवाला लागतो आणि मिरची खायची आहे. कुठून सुरुवात करू?

पानामागे_बघा

ताई, तीन झाडांवर तीन वेगळे जीव आहेत, त्यामुळे एका बाटलीत काम होणार नाही. मी जास्वंदीपुरतं लिहितो.

तो पिठ्या ढेकूण आहे, म्हणजे मिलीबग. सोंड खुपसून रस पितो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात खाली टाकतो. पानं चिकट होतात ती त्यामुळे, आणि काजळी म्हणजे त्या साखरेवर वाढलेली काळी बुरशी. ती पानाच्या आत शिरत नाही. ओल्या फडक्याने पुसली की जाते, बुरशीनाशकावर पैसे घालवू नका.

आता एक किडा काडीने उचलून भिंगाखाली धरा. पाठीवर पूड कमी असलेल्या काळपट ठिपक्यांच्या दोन ओळी दिसल्या तर तो कपाशीवर येतो तोच पिठ्या. पूड पुसल्यावर अंग गुलाबी दिसलं तर गुलाबी पिठ्या. शेंडा गोळा होण्याचं कारण बहुतेक वेळा हाच असतो, कारण त्याच्या लाळेने वाढीचा कोंब बिघडतो. अंग पिवळं असेल तर पपईवरचा पिठ्या असू शकतो. हा भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि तिथून सगळीकडे गेला. त्याची खूण पक्की आहे: दोन-चार किडे ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकून दोन दिवस ठेवा, अंग निळसर काळं पडतं. शेजारी पपईचं झाड असेल तर ही तपासणी कराच, नाहीतर तुम्ही झाड साफ कराल आणि पपईवरून पुन्हा येतील.

उपाय तिन्हींचा सारखाच, पण क्रम महत्त्वाचा. मोठ्या मादीच्या अंगावर मेणाची पूड असते, अंडी कापसाच्या पिशवीत असतात. दोन्हींना पाण्यातलं औषध लागूच पडत नाही. नुकती निघालेली पिल्लं मात्र उघडी, पिवळसर आणि जेमतेम दिसतील एवढी असतात. ती चालत जाऊन जागा धरतात आणि मगच पूड चढवतात. औषध लागू पडतं ते त्यांनाच. म्हणून एका फवाऱ्याने काही होत नाही, आणि हाताने काढल्याशिवाय फवारणीला अर्थ नाही.

गोळा झालेले शेंडे खालच्या निरोगी डोळ्याच्या वर कापा. चार-सहा इंच गेले तरी जीव अडकवू नका, जास्वंद फुटते. कापतानाच तुकडा पिशवीत टाका, जमिनीवर पडू देऊ नका. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. मग एका हाताने फांदीला मागून आधार देऊन नळीच्या जोरदार धारेने पानामागची बाजू आणि बेचके धुवा. कुंडीची माती आधी प्लॅस्टिकने झाका, नाहीतर धुतलेले किडे मातीत जातात आणि परत चढतात. उरलेल्यांना कानात घालायच्या कापूसकाडीने सर्जिकल स्पिरिट लावा. आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी डाग पडत नाही ना ते बघा. स्पिरिट उन्हात लावायचं नाही.

शोधताना लोक हमखास चुकवतात त्या जागा: कळीच्या बुडाशी असलेल्या बारीक हिरव्या दलांच्या आत, काठीला फांदी बांधलेल्या सुतळीखाली, कुंडीच्या काठाच्या आतल्या वळणात आणि पाणी निघायच्या भोकाशी. सुतळी तर बदलूनच टाका.

धुऊन झाल्यावर त्याच संध्याकाळी फवारणी. पुढे दर ५ ते ७ दिवसांनी, किमान तीन-चार वेळा. पांढरं दिसेनासं झालं म्हणून तिसरी फवारणी सोडली की महिन्याभरात तेच चित्र.

आणि पेंडीचं पाणी, युरिया, जे काही नत्राचं देत असाल ते महिनाभर बंद. कोवळी लुसलुशीत फूट म्हणजे पिठ्याला आणि माव्याला (रस शोषणारी दुसरी कीड) आमंत्रण.

ढालकिडा

वरचं सगळं बरोबर, पण स्पिरिटची काडी उचलायच्या आधी थांबा. "मोठे, लांब धाग्यांचे आणि चालणारे" असं जे लिहिलंय ते पिठ्या नसण्याची शक्यता फार मोठी आहे. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी असावी, आणि ती पिठ्याच खाते.

दोन्ही पांढरे, म्हणून लोक अळीलाच पहिल्यांदा मारतात. फरक असा: पिठ्याची मादी साडेतीन-चार मिलिमीटरची, लांबट गोल, कडेचे धागे आखूड. काडीने डिवचलं तर जागची हलत नाही किंवा अगदी सावकाश सरकते. अळी पूर्ण वाढली की सेंटिमीटरच्या पुढे जाते, मेणाचे धागे लांब, वाकडेतिकडे आणि झुपकेदार, आणि डिवचलं की लगेच चालायला लागते. उलटी करून बघा, पुढच्या बाजूला सहा ठळक पाय दिसतील. प्रौढ भुंगेरा मसूरएवढा, पंख काळपट आणि डोकं व मागचं टोक नारिंगी-तांबूस. तो आसपास दिसला तर शंकाच नको.

हा कीटक १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला होता. आज जैविक नियंत्रणासाठी प्रयोगशाळांतून मुद्दाम वाढवून विकतात. तुमच्या गच्चीत फुकट आलाय, त्याला सांभाळा.

अळ्या ज्या फांदीवर आहेत ती फांदी फवारू नका. कापायची असेल तर आधी मऊ कुंचल्याने अळ्या उचलून दुसऱ्या पिठ्या असलेल्या फांदीवर सोडा. साबण, स्पिरिट, तेल यातलं काहीच त्यांना ओळखत नाही, सगळ्यांना सारखंच मारतं. अशा फांदीवर पांढरा थर पंधरा-वीस दिवस राहील, तेवढा धीर धरायला लागेल.

पिठ्यांमध्ये काही तपकिरी, फुगलेले, चामड्यासारखे कडक किडे दिसले तर तेही तसेच ठेवा. त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू आहे. वर बारीक गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून पुढच्या पिठ्याकडे गेलीसुद्धा.

वाटीत_पाणी

मुंग्या आधी. मुंग्या साखरेसाठी पिठ्याची राखण करतात, ढालकिड्याच्या अळीला हुसकतात आणि पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेतात. रांग चालू आहे तोवर वरचे सगळे उपाय अर्धे.

कुंडी स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. वाटीत थेंबभर लिक्विड साबण टाका म्हणजे मुंगी तरंगत पलीकडे जात नाही आणि डासही होत नाहीत. झाडाची फांदी भिंतीला, कठड्याला किंवा शेजारच्या झाडाला टेकता कामा नये. एक पान टेकलं तरी तोच पूल. मुंग्यांचं घर कुंडीच्या मातीतच असेल तर वाटीचा उपयोग नाही. तेव्हा आमिष: १०० मिली पाण्यात १५ ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर, कापसाच्या बोळ्यावर, झाकणाला भोक पाडलेल्या डबीत. बोरिक जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते आणि घरापर्यंत काही पोचत नाही, म्हणून प्रमाण पाळा. डबी मुलं आणि मांजरांपासून लांब. खडूच्या रेघा मारू नका. त्यात कीटकनाशक असतं आणि पाणी घालताना ते मातीत उतरतं.

निंबोळी

फवारा का चालला नाही त्याचं उत्तर तुमच्या बाटलीच्या तळाला आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि कपड्याचा साबण त्यांच्याशी मिळून चोथा होतो. साबण असा खर्ची पडला की तेल पाण्यात मिसळवायला काही उरत नाही. मग पहिल्या दहा फवाऱ्यांत नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या दोनांत निव्वळ तेल. पानं करपतात ती तिथे. शिवाय हा साबण आम्लारी, आणि नीममधलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, आम्लारी पाण्यात लवकर तुटतं.

फवारणीपुरतं पिण्याचं नळाचं पाणी वापरा. महापालिकेचं धरणाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ मऊ असतं. तेही नसेल तर आरओचं.

तेल मिसळायला पोटॅशियम साबण (झाडांवर फवारायचा पातळ साबण) किंवा साधा रिठा. रिठा जड पाण्यातही फाटत नाही, म्हणून उपनगरांतल्या टँकरच्या पाण्याला तोच बरा. पाच-सहा रिठ्यांची टरफलं पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून फडक्याने गाळा. आता क्रम: हे रिठ्याचं ५० मिली पाणी कोमट करून बाटलीत घ्या, त्यात ५ मिली घाण्याचं नीम तेल, झाकण लावून जोरात हलवा. दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. वर तेलाचा डोळा दिसला तर आणखी थोडं रिठ्याचं पाणी घाला. मग पाणी वाढवत एक लिटर करा. उलट केलं, म्हणजे लिटरभर पाण्यात वरून तेल ओतलं, तर ते कधीच नीट मिसळत नाही.

थंडीत गोठलेलं तेल कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करा, गॅसवर नाही.

तयार औषध त्याच संध्याकाळी संपवा, उद्यासाठी ठेवू नका. फवारणी ऊन उतरल्यावर, पानाच्या मागच्या बाजूने थेंब गळेपर्यंत. एक दिवस आधी झाडाला पाणी भरपूर द्या, तहानलेल्या झाडावर तेल मारलं की पान करपतं.

बाजारात १०००० पीपीएमचं (दहा लाख भागांत इतके भाग) अझाडिरॅक्टिन मिळतं, ते लिटरला २ ते ३ मिली. १५०० पीपीएमचं असेल तर ५ मिली. बाटलीवरचा आकडा न बघता "नीम" म्हणून पाच मिली टाकणं हा सगळीकडचा घोळ आहे. नीम खाल्लेला किडा लगेच मरत नाही. त्याचं खाणं मंदावतं, कात टाकणं अडतं. परिणाम पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिसतो.

गच्चीतली_माळीण (धायरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. डिवचून पाहिलं, मोठे पांढरे खरंच भराभर चालतात आणि पाय सहा. ती फांदी बाजूला ठेवली आहे.

मोगऱ्याच्या जांभळ्या कळ्या ब्लेडने उभ्या चिरल्या. काहींत गोल भोक आहे, आत हिरवट अळी आणि दोन कळ्या जाळ्याने एकमेकींना चिकटलेल्या. बाकीच्यांना भोक नाही, पण बूड फुगलंय आणि आत अगदी बारीक पांढरट, बिनपायाचे किडे वळवळतात. हे एकच का?

मिरचीची पानं खालच्या बाजूला वळतात, देठ लांबलेत, जाळं नाही. पांढऱ्या कागदावर झटकली तर काही पडलं नाही.

मोगरेवाला (मांजरी)

ताई, चिरून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. एकच नाहीत, दोन आहेत.

भोक आणि जाळं असलेली ती कळी पोखरणारी अळी, पतंगाची. फुगीर बूड आणि बिनपायाचे किडे ती कळीमाशी, डासाएवढ्या नाजूक माशीची पिल्लं. माशी कळीत अंडी घालते, पिल्लं आतून बूड खातात आणि कळी गुलाबी-जांभळी होऊन वाळते.

अळीसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी ही जिवाणूची पावडर, लिटरला १ ते २ ग्रॅम. संध्याकाळी आणि कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असताना. अळी आत शिरली की बीटी तिच्या पोटात जाणार कसं? बीटी उन्हात टिकत नाही, म्हणून कळ्यांचा बहर चालू असेपर्यंत आठवड्याने पुन्हा.

कळीमाशीवर हे बीटी काहीही करत नाही, ते पतंगांच्या अळ्यांपुरतंच आहे. कळीमाशीचा नाजूक दुवा मातीत आहे. पिल्लं पूर्ण वाढली की कळीतून खाली पडतात आणि मातीच्या वरच्या थरात कोष करतात. म्हणून बिघडलेली प्रत्येक कळी रोज सकाळी तोडा, गळलेल्याही वेचा. वरची दोन इंच माती खुरप्याने हलवून उन्हाला तापू द्या, मुळं दुखावू नका. १२ इंची कुंडीला ४०-५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. गंभीर असेल तर बहराचे तीन-चार आठवडे मातीवर जुनं सुती कापड अंथरा आणि त्यावर पडलेलं रोज झटकून नष्ट करा. इतकं साधं असूनही फवाऱ्यापेक्षा याचाच जास्त उपयोग होतो.

पानामागे_बघा

मिरचीचं लक्षण तुम्ही नेमकं टिपलंय. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर फुलकिडे. खाली वळलं, देठ लांबला, शेंडा कडक आणि ठिसूळ झाला तर पिवळा कोळी. पान बारीक, शिरा जाडसर, झाड खुरटं आणि पानामागे पांढरी माशी उडते असं असेल तर तो विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटा.

तुमचा कोळी आहे. कागदावर काही पडलं नाही कारण हा डोळ्यांना दिसतच नाही, दहापट भिंगातही ठिपक्याएवढा. जाळं करणारा तो दुसरा, लाल कोळी. तो एप्रिल-मे महिन्यांत गुलाबावर आणि झेंडूवर पिवळे टिपके पाडतो.

आणि इथेच इमिडाक्लोप्रिडचा प्रश्न मिटतो. कोळी आठ पायांचा, कीटक नाहीच. इमिडाक्लोप्रिड त्याला लागू होत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून तो वाढतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. जास्वंदीवर मारलं तर ते झाडाच्या रसात उतरतं, तिथून मधात आणि परागात. मधमाश्या आणि मध प्यायला येणारे शिंजीर पक्षी त्याच फुलावर बसतात, आणि तुमचे ढालकिडेही जातात. पूजेच्या फुलावर आणि भाजीवर हे नकोच.

कोळ्यावर विद्राव्य गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, हे उत्तम औषध. पण तुमच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. तेल मारल्यानंतर दोन-तीन आठवडे गंधक मारायचं नाही, पान जळतं. आणि पारा ३२-३३ अंशांच्या वर असेल तरी जळतं. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी तो सहज ३८ च्या पुढे. तेव्हा आत्ता गंधक नाही. बिघडलेले शेंडे दोन-तीन इंच कापून काढा, उरलेल्या झाडावर पोटॅशियम साबण लिटरला १० मिली, मऊ पाण्यात, पानामागून, दर पाच दिवसांनी. दुपारी एक ते चार सावलीची जाळी. मुरडलेली जुनी पानं सरळ होणार नाहीत, त्यावरून औषध चाललं की नाही ते ठरवू नका. पंधरा दिवसांनी येणारी नवी फूट सपाट आली की झालं.

परसबाग_हडपसर

एक भर घालतो. कृषी सेवा केंद्रातून काहीही घेताना डब्यावरचा चौकोन बघा, त्यातल्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्याला घरातल्या कुंड्यांत जागा नाही. मोठ्या डब्यातून सुट्या बाटलीत काढून दिलेलं औषध घेऊ नका, त्यावर प्रमाण आणि मुदत नसते.

गच्चीतली_माळीण (धायरी)

सगळं टिपून घेतलं. शेवटचा प्रश्न: कापलेले शेंडे आणि कळ्या गच्चीतल्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकल्या तर चालेल ना?

मोगरेवाला (मांजरी)

नको. गच्चीतला ड्रम बहुतेक वेळा पुरेसा तापत नाही, पिठ्याची अंडी आणि कळीमाशीचे कोष त्यात आरामात तगतात. जाड काळ्या पिशवीत भरा, हवा काढून गच्च गाठ मारा आणि आठवडाभर गच्चीच्या भर उन्हात फरशीवर ठेवा. त्यानंतर ड्रममध्ये टाकलंत तरी चालेल. पिशवीला बारीकसंही भोक नको, पिठ्याची पिल्लं तेवढ्यातून बाहेर येतात.